अर्ध्या युनिटाची ओढ

होंडा कंपनीची सीआर-झेड ही छोटी हायब्रिड कूपे २६ फेब्रुवारी २०१० रोजी जपानमध्ये विक्रीला आली. लांबी ४,०८० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या ‘चार मीटरच्या आतल्या’ गाड्यांपेक्षा जेमतेम चार बोटे जास्त. उंची १,३९५ मिलिमीटर. शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या खांद्याशी तिचे टप येई. दारे दोनच. बॉनेटखाली दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, त्याला चिकटून बसवलेली एक चपटी विजेची मोटर, आणि चालकाच्या हाताशी सहा गिअरचा दांडा. यातली शेवटची गोष्ट सर्वांत नवलाची होती. सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असलेली ही जगातली पहिली हायब्रिड मोटार. होंडाच्याच आधीच्या काही हायब्रिड गाड्यांना पाच गिअर मिळाले होते, पण तेव्हा रोख पेट्रोल वाचवण्यावर होता. सीआर-झेडमध्ये गिअरचा दांडा आणि विजेची मोटर एकत्र आणली ती गाडी चालवण्याच्या आनंदासाठी. तिच्याबद्दलचे आकर्षण उत्पादन थांबून इतकी वर्षे झाली तरी का टिकून आहे, ते कळायला आधी कूपे म्हणजे काय ते पाहावे लागते.

‘कूपे’ हा शब्द मराठी माणसाला मोटारीआधी रेल्वेने दिला. पहिल्या वर्गाच्या डब्यातली दोनच बर्थची खोली ती कूपे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ‘कापणे’. युरोपात घोडागाड्यांच्या काळी समोरासमोर आसने असलेल्या बंद गाड्या असत. त्यातली उलट्या तोंडाची आसने काढून गाडी आखूड केली की ती कूपे होई. दोघांपुरती, हलकी, कमी घोड्यांत पळणारी. मोटारीच्या जगात हा शब्द आला तेव्हा कापण्याची कल्पना त्याच्यासोबत आली. मागची दारे गेली, मागची बैठक नावापुरती उरली, टप पुढून मागे उतरत गेले. कुटुंबाच्या हिशेबाने पाहिले तर कूपे ही तोट्याचीच गाडी. तिच्यात आजी-आजोबांना मागे बसवता येत नाही आणि लग्नाला निघालेल्या पाच जणांचे सामान मावत नाही.

मग कापून मिळते काय? पहिला लाभ वजनाचा. दारे, काचा, बैठका आणि पत्रा कमी झाला की तेच इंजिन जास्त जोमाने ओढते आणि तेच ब्रेक लवकर थांबवतात. दुसरा लाभ उंचीचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. उसाने उंच भरलेली ट्रॉली वळणावर कशी कलते हे ऊसपट्ट्यातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. तीच ट्रॉली तेवढ्याच वजनाच्या विटांनी भरली तर ओझे तळाशी राहते आणि कलणे फारसे जाणवत नाही. वळण घेताना आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते. वेग आणि वळण तेच असेल तर किती सरकेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डावी-उजवी चाके एकमेकांपासून किती लांब आहेत. मध्य खाली असला की चारही टायर रस्त्याला अधिक सारखे धरून राहतात. सीआर-झेडची बॅटरी डिकीच्या फरशीखाली ठेवलेली होती, त्यामुळे तिचे वजन तळालाच राहिले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरही फक्त २,४३५ मिलिमीटर. हे अंतर कमी असले की गाडी आपल्याभोवती चटकन फिरते. एकामागोमाग एक वळणे असलेल्या रस्त्यावर याचा फरक पडतो. लांब गाडीत चालक स्टिअरिंग फिरवून गाडी वळण्याची वाट पाहतो, छोट्या गाडीत ती हाताबरोबरच वळते.

हे सूत्र होंडाला नवे नव्हते. १९८३ साली तिने जपानमध्ये सीआर-एक्स ही दोन दारांची गाडी आणली. तिच्या १.३ लिटरच्या आवृत्तीचे वजन ७६० किलो होते आणि दीड लिटरची गाडी ८०० किलोच्या आसपास होती. आजच्या साध्या हॅचबॅकही याहून जड असतात. सीआर-एक्सचे मोठेपण तिच्या दुहेरी स्वभावात होते. अमेरिकेत तिची एचएफ नावाची आवृत्ती विकली जाई, ती तिथल्या त्या काळच्या चाचणीत शहरातही लिटरला २० किलोमीटरच्या पुढे जाई. तर १९८९ साली जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीतल्या एका आवृत्तीत १.६ लिटरच्या इंजिनातून १६० पीएस ताकद काढलेली होती, तीही टर्बोशिवाय. सांगाडा एकच असताना एका टोकाला काटकसर आणि दुसऱ्या टोकाला वेग असे दोन्ही साधले होते. हलकेपणा दोघांच्याही उपयोगी पडतो, हे सीआर-एक्सने रस्त्यावर दाखवून दिले.

सीआर-एक्सची ओळख पटते ती तिच्या मागच्या अंगाने. टप हळूहळू उतरत येते आणि एकदम उभे कापल्यासारखे संपते. याला ‘कॅम शेपूट’ म्हणतात. १९३० च्या दशकात वुनिबाल्ड कॅम या जर्मन अभियंत्याने वाऱ्याच्या रोधाचा अभ्यास केला. वारा सहज निसटून जावा यासाठी गाडीची शेपूट थेंबासारखी लांब निमुळती हवी, पण तेवढी लांब गाडी रस्त्यावर वागवणार कशी? शेपूट मध्येच सरळ छाटली तरी बराचसा लाभ शिल्लक राहतो, असे कॅम यांच्या कामातून पुढे आले. होंडाने १९९९ मध्ये काढलेल्या पहिल्या इनसाइटमध्ये हीच शेपूट दिसते. दोन आसनी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, तीन सिलिंडरच्या एक लिटर इंजिनाची ही हायब्रिड गाडी होती. ती अमेरिकेत विकली गेलेली पहिली हायब्रिड. तिथल्या त्या वेळच्या मोजणीत महामार्गावर तिचा आकडा लिटरला ३० किलोमीटरच्या जवळ पोचला होता. मागची चाके अर्धी झाकलेली, टायर अरुंद, सगळी रचना इंधनाच्या एकेका थेंबासाठी. तिच्याबद्दल आदर पुष्कळांना वाटला, पण गाडी चालवण्याची हौस असलेल्या माणसाला ती जिंकू शकली नाही.

सीआर-झेड या दोघींची लेक. रूप आणि स्वभाव सीआर-एक्सचा, यंत्रणा इनसाइटकडून आलेली. २००७ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात तिचे पहिले रूप दिसले. नावातील अक्षरांचा कंपनीने दिलेला अर्थ ‘कॉम्पॅक्ट रेनेसान्स झीरो’ असा, म्हणजे छोट्या गाडीचा शून्यापासून पुनर्जन्म. नोरिओ तोमोबे हे या प्रकल्पाचे मुख्य अभियंता होते. त्यांच्यापुढचा प्रश्न अवघड होता. त्या दशकात हायब्रिड म्हणजे टोयोटाची प्रियस असे जगाने धरून ठेवले होते. शांत, समंजस, पेट्रोल वाचवणारी आणि चालकाने फारसे काही करायचे नाही अशी गाडी. विजेच्या मोटरीत वेगाच्या हौशीला पुरवण्यासारखे काही आहे का, याचे उत्तर त्यांना शोधायचे होते. ते उत्तर मोटरीच्या मूळ स्वभावातच होते.

पेट्रोल इंजिनाची एक जुनी खोड आहे. ते फेऱ्या वाढल्याशिवाय अंगात येत नाही. सीआर-झेडच्या दीड लिटर इंजिनाची पिळाची ताकद, जिला तंत्रज्ञ टॉर्क म्हणतात आणि आपल्याकडचे चालक ‘पिकअप’ म्हणतात, जास्तीत जास्त १४५ न्यूटन-मीटर होती आणि तीही मिनिटाला ४,८०० फेऱ्या झाल्यावर. सिग्नल सुटल्यावर किंवा चढावर वरचा गिअर टाकल्यावर इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर असते, तेव्हा ते मरगळलेले वाटते. छोट्या पेट्रोल गाडीतून पाच माणसे घेऊन घाट चढलेल्या कोणालाही हा अनुभव ठाऊक असतो. गिअर खाली आणावा लागतो, इंजिन ओरडते, मग कुठे गाडी सरकते. विजेच्या मोटरीचे वागणे नेमके उलट. तिचा जोर पहिल्या फेरीपासून पूर्ण असतो आणि वेग वाढला की ओसरत जातो. चढावर अडलेल्या हातगाडीला मागून कोणीतरी हात लावावा आणि ती चालू लागली की सोडून द्यावे, असे तिचे काम. इंजिनाला जिथे मदत हवी, तिथेच ती बळकट आहे.

सीआर-झेडमधली मोटर १० किलोवॅटची, म्हणजे सुमारे १४ पीएसची होती. शेतातल्या साडेसात अश्वशक्तीच्या दोन पंपांपेक्षाही थोडी कमीच. आकडा ऐकून कोणी निराश होईल, पण तिची जोड मिळाल्यावर मॅन्युअल गाडीचा एकत्रित टॉर्क १७४ न्यूटन-मीटर झाला आणि तो १,००० ते १,५०० फेऱ्यांवरच मिळू लागला. म्हणजे दीड लिटरच्या गाडीला त्या काळच्या १.८ लिटरच्या होंडा सिव्हिकइतकी ओढ, तीही सिव्हिकच्या कितीतरी आधी. ज्यांना डिझेल गाडीची खालच्या फेऱ्यांवरची ओढ आवडते, त्यांना ही भावना लगेच ओळखू येईल. फक्त डिझेलची थरथर आणि वजन इथे नाही. इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांचा उत्साह मात्र पेट्रोलचाच राहतो. एकाच गाडीत दोन यंत्रांचे गुण असे एकापुढे एक येतात आणि त्यांचा सांधा पायाला कळतो. या गाडीचे खरे आकर्षण इथे आहे.

मोटरीला वीज पुरवणारी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी १००.८ व्होल्टची होती. तिच्यात मावणारी वीज घरच्या मीटरच्या भाषेत सांगायची तर अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त. एवढ्याशा विजेवर गाडी लांब पळू शकत नाही, आणि सीआर-झेडकडून तशी अपेक्षाही नव्हती. बॅटरीचे काम तिजोरीपेक्षा गल्ल्यासारखे होते. पैसे सतत येतात आणि सतत जातात. चालकाने पाय उचलला किंवा ब्रेक लावला की मोटर जनित्र होते आणि एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी गती विजेच्या रूपात साठवते. पुढच्या क्षणी पाय दाबला की तीच वीज परत चाकांकडे जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या १,२०० किलोच्या गाडीच्या अंगात जेवढी गतिज ऊर्जा असते, ती युनिटाच्या विसाव्या भागाहूनही थोडी कमी भरते. सगळी परत मिळत नाही, पण घाटात आणि शहरात ब्रेक वारंवार लागतात, म्हणून अर्ध्या युनिटाचा गल्ला पुरेसा ठरतो.

इथे हायब्रिडचे दोन प्रकार वेगळे करून पाहायला हवेत. टोयोटाच्या प्रियसमध्ये दोन मोटरी आणि ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांची योजना असते. इंजिन बंद ठेवून ती नुसत्या विजेवर चालू शकते, आणि केव्हा कोणी ओढायचे ते संगणक ठरवतो. तिच्यात साधा गिअरबॉक्स बसायला जागाच नाही. होंडाची पद्धत साधी होती. इंजिनाच्या दांड्यावर, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, चपटी मोटर बसवायची आणि पुढचे सगळे नेहमीच्या गाडीसारखे ठेवायचे. या रचनेत पेट्रोलची बचत कमी होते, हे मान्य करावे लागते. पण क्लच आणि गिअर चालकाच्या हाती राहतात. आपल्याकडे मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये आणलेली एसएचव्हीएस यंत्रणा याच विचाराची आणखी सौम्य आवृत्ती होती. तिच्यात मोटर पट्ट्याने जोडलेली आणि बरीच लहान होती, त्यामुळे तिचा जोर चालकाला क्वचितच जाणवे.

गिअर चालकाच्या हाती राहण्याचे महत्त्व ज्याने कधी मॅन्युअल गाडी मनापासून चालवली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. वळण येण्याआधी गिअर खाली आणायचा, इंजिनाचा आवाज चढतो तो कानाने मोजायचा, क्लच सोडताना धक्का बसू द्यायचा नाही, वळणाच्या मध्यावरून हळूहळू पाय दाबत बाहेर पडायचे. हात, पाय, कान यांचा मेळ जमला की माणसाला स्वतःच्या कौशल्याचा आनंद होतो. तबल्यावर बोल नीट निघाला की होतो तसाच. त्यासाठी ताशी दीडशेचा वेग लागत नाही. साठ-सत्तरच्या वेगातही तो पुरेपूर मिळतो. प्रचंड ताकदीच्या महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये हा आनंद सार्वजनिक रस्त्यावर मिळतच नाही, कारण तिला दुसऱ्या गिअरमध्ये अंग मोकळे करेपर्यंत कायद्याची वेगमर्यादा ओलांडलेली असते. छोट्या गाडीची सगळी ताकद वापरता येते आणि ती वापरताना आसपासच्या माणसांच्या जिवाशी खेळ होत नाही. सीआर-झेडला शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला सुमारे १० सेकंद लागत. कागदावर ती वेगवान गाडी नव्हतीच. पण ती वेगवान वाटे, आणि चालकाच्या समाधानासाठी तेवढे पुरते.

चालकाच्या समोरच्या मीटरची रचनाही याच विचाराने केलेली होती. स्पोर्ट, नॉर्मल आणि इकॉन अशी तीन बटणे. स्पोर्ट दाबले की पायाखालचे पेडल हलके-तिखट होई, मोटर जास्त मदत करी, स्टिअरिंग थोडे जड होई आणि मीटरभोवतीचे कडे लाल होई. इकॉनमध्ये सगळे मवाळ, एसीसुद्धा. या रीतीत पायाचा दाब जितका संयमी तितका कड्याचा निळा रंग हिरव्याकडे झुके. यामागे माणसाच्या स्वभावाची चांगली जाण दिसते. ज्याला स्पर्धेची हौस आहे त्याला काटकसरीतही स्पर्धा करायला दिली, तर तो ती आवडीने करतो. मुंबई-पुणे प्रवासात गाडीने किती ‘ॲव्हरेज’ दिले याचे आकडे मित्रांना अभिमानाने सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. सीआर-झेडने ती हौस मीटरवरच आणून ठेवली.

आणि ॲव्हरेज किती? याचे उत्तर देश पाहून बदलते. मॅन्युअल सीआर-झेडचा जपानच्या तेव्हाच्या अधिकृत चाचणीतला आकडा लिटरला २२.५ किलोमीटर होता. युरोपच्या चाचणीत तो २० झाला आणि अमेरिकेत १४.५ वर आला. गाडी जवळपास तीच, चाचणीची रीत वेगळी. जपानी चाचणी संथ शहरी रहदारीसारखी होती, अमेरिकी चाचणीत जोराचे प्रवेग, एसीचा वापर आणि थंडीही धरलेली असते. आपल्याकडे गाड्यांच्या जाहिरातींत जो आकडा असतो तो बहुधा पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतून आलेला असतो, आणि रस्त्यावर तो तसाच मिळत नाही याचे कारणही हेच. आकडे एकाच चाचणीतले असतील तरच त्यांची तुलना करावी. अमेरिकी चाचणीत तेव्हाची प्रियस लिटरला २१ किलोमीटरच्या पुढे जात होती. पाच जणांची मोठी गाडी दोन जणांच्या छोट्या गाडीपेक्षा इतके कमी पेट्रोल पिते, ही गोष्ट सीआर-झेडच्या टीकाकारांना पुरेशी होती.

टीका आणखीही झाली, आणि तिच्यातली बरीचशी रास्त होती. कॅम शेपटीमुळे मागची काच दोन भागांत विभागलेली होती आणि मध्ये जाड आडवी पट्टी. आरशातून नेमकी मागच्या गाडीच्या दिव्यांच्या जागी ती पट्टी येई. जपान आणि युरोपात मागे दोन बैठका दिल्या, पण त्या मुलांपुरत्या. अमेरिकेत त्याही काढून सामानाचे खण केले. सीआर-एक्सचा हलकेपणा परत आला नाही. जपानी मॅन्युअल गाडी १,१३० किलोची होती आणि अमेरिकी गाडी १,२०० किलोच्या आसपास. वाढलेल्या वजनाचा काही भाग बॅटरीचा असला तरी बराच भाग अपघातसुरक्षेच्या नव्या नियमांचा आणि एअरबॅगांचा होता, आणि त्याबद्दल तक्रार करणे बरोबर नाही. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेंशन न देता साधा पिळणारा दांडा दिला होता. स्पोर्ट्स कारच्या शौकिनांना ती कंजुषी वाटली. त्याच पैशांत अमेरिकेत किंवा युरोपात याहून वेगवान पेट्रोल गाडी मिळत होती. आकड्यांच्या कोष्टकात सीआर-झेड काटकसरीत प्रियसच्या मागे आणि वेगात इतरांच्या मागे पडे.

तरीही तिच्या चाहत्यांची बाजू जास्त खरी वाटते, आणि जपानच्या वाहन-परीक्षकांनाही ती पटली. २०१०-११ चा ‘जपान कार ऑफ द इयर’ हा मान तिला मिळाला. महिन्याला हजार गाड्या विकाव्यात असा कंपनीचा अंदाज असताना पहिल्या महिनाभरात दहा हजारांवर मागण्या नोंदवल्या गेल्या. कोष्टकात प्रत्येक गुण वेगळा मोजला जातो. चालकाच्या वाट्याला ते सगळे गुण एकत्र येतात. रोज कामावर जाताना कमी पेट्रोल पिणारी, पार्किंगला सोपी, आणि रविवारी पहाटे वळणांच्या रस्त्यावर नेली तर हसू फुटेल अशी एकच गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळणे दुर्मिळ होते. दोन गाड्या घेण्याची ऐपत नसलेल्या, पण गाडीवर प्रेम असलेल्या माणसासाठी ती बनवलेली होती.

२०१२ मध्ये होंडाने तिच्यातल्या उणिवांवर काम केले. बॅटरी लिथियम-आयनची आणि १४४ व्होल्टची झाली, मोटर १० वरून १५ किलोवॅटवर गेली. स्टिअरिंगवर ‘एस प्लस’ नावाचे बटण आले. ते दाबले की बॅटरीत पुरेशी वीज असेल तर काही सेकंद मोटर आपला सगळा जोर ओतत असे. मालट्रकला मागे टाकून पुढे जाताना उपयोगी पडेल अशी ही मदत होती. होंडाशी जवळचे नाते असलेल्या मुगेन कंपनीने सुपरचार्जर लावलेल्या ३०० गाड्या जपानमध्ये काढल्या. त्याच मुगेनच्या सीआर-झेडने २०१३ साली सुपर जीटी या जपानी शर्यतमालिकेतील जीटी ३०० गटाचे विजेतेपदही मिळवले. त्या शर्यतीच्या गाडीत इंजिन चालकाच्या मागे होते आणि रस्त्यावरच्या गाडीशी तिचे साम्य चेहऱ्यापुरते होते. पण तीही हायब्रिडच होती, आणि हायब्रिड यंत्रणा शर्यतीत टिकत नाही हा समज तिने मोडला.

विक्री मात्र सावरली नाही. अमेरिकेत २०११ मध्ये सुमारे अकरा हजार गाड्या खपल्या, पुढच्या वर्षी त्याच्या निम्म्याही नाहीत. युरोपातून ती लवकर गेली, आणि २०१६-१७ च्या सुमारास उत्पादनच थांबले. कारणे गाडीत जेवढी होती तेवढीच काळातही होती. त्या वर्षांत जगभरातले ग्राहक उंच एसयूव्हीकडे वळत होते आणि दोन दारांच्या गाड्यांचा बाजार आटत होता. २०१४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू आय-८ हीही हायब्रिड कूपेच. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, मोठी मोटर, कार्बन फायबरचा सांगाडा. भारतात ती सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते दाखवली गेली आणि पुढे सव्वादोन कोटींच्या पुढच्या किमतीला विकली गेली. तिने पोस्टरवर जागा मिळवली, पण साध्या पगारदाराच्या दारात उभी राहण्याची सीआर-झेडची जागा तिने घेतली नाही.

भारतात सीआर-झेड कधीच विक्रीला आली नाही. याच पद्धतीची हायब्रिड यंत्रणा असलेली सिव्हिक होंडाने २००८ मध्ये आयात करून आणली होती, पण किमतीमुळे ती फार थोड्यांनी घेतली. पुढे २०२२ मध्ये राजस्थानातील टपुकडा इथे बनलेली सिटी हायब्रिड आली. तिचा एआरएआयचा आकडा तेव्हा लिटरला २६.५ किलोमीटर होता. दोन दारांची गाडी मात्र आपल्या बाजारात रुजली नाही. गाडी ही घरातल्या सगळ्यांची, पाच जण बसतील आणि डिकीत गावाकडचे पोते मावेल अशी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यात कराची रचना भर घालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर, हायब्रिडसह, १८ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. सीआर-झेडसारखी गाडी आज इथे आणली तर ती चार बोटांच्या जास्तीच्या लांबीने आणि सुमारे ३०० सीसीच्या फरकाने भल्यामोठ्या एसयूव्हीच्या रांगेत जाऊन बसेल. छोटी, हलकी, कमी जागा व्यापणारी गाडी या हिशेबात मोठी ठरते, हे अन्यायाचे आहे.

कल्पना मात्र संपलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये होंडाने जपानमध्ये प्रेल्यूड हे आपले जुने नाव हायब्रिड कूपेच्या रूपाने परत आणले. दोन लिटरचे इंजिन, दोन मोटरी, अमेरिकी आवृत्तीत २०० अश्वशक्ती, आणि अमेरिकी चाचणीत लिटरला सुमारे १८-१९ किलोमीटर. पुढच्या चाकांचे सस्पेंशन सिव्हिक टाइप-आर या वेगवान गाडीकडून घेतलेले आहे. वेग आणि काटकसर या दोन्ही बाबतींत ती सीआर-झेडला सहज मागे टाकते, आणि सीआर-झेडवर झालेल्या टीकेला तिने पंधरा वर्षांनी दिलेले हे उत्तर म्हणता येईल. पण तिची लांबी साडेचार मीटरच्या घरात गेली आहे आणि ती आता छोटी म्हणण्याजोगी राहिलेली नाही. तिच्यात इंजिन बहुतेक वेळ वीज बनवते आणि चाके मोटर फिरवते, त्यामुळे नेहमीचा गिअरबॉक्स उरलेलाच नाही. गिअर बदलल्याचा आवाज आणि हलका झटका ‘एस प्लस शिफ्ट’ नावाची संगणकीय योजना निर्माण करते. चालकाला गिअरची आठवण येणार हे कंपनीने ओळखले, ही चांगली गोष्ट. पण क्लचचे पेडल तिच्यात नाही, आणि सीआर-झेडमध्ये ते होते.